दाद कोणी मागायची?

१४ नोव्हेंबर १९९२ रोजी डर्बनच्या किंग्जमीड मैदानावर सचिन तेंडुलकर ११ धावांवर धावचीत झाला. जाँटी ऱ्होड्‌सने चेंडू अडवून फेकला, अँड्र्यू हडसनने बेल्स उडवल्या आणि पंच सिरिल मिचली यांनी बोट वर न करता बोटांनी हवेत एक चौकोन काढला. पॅव्हेलियनमध्ये टीव्हीसमोर बसलेल्या कार्ल लीबेनबर्ग यांनी चित्रफीत पाहिली आणि एकोणीस वर्षांचा सचिन हा टीव्ही पाहून बाद दिलेला कसोटीतला पहिला फलंदाज ठरला. ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच मालिकेतल्या पुढच्या, जोहान्सबर्गच्या कसोटीत काय घडलं हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. तिथे तोच जाँटी ऱ्होड्‌स २८ धावांवर असताना धावचीतचं अपील झालं. पंच स्टीव्ह बकनर यांना टीव्हीची मदत घ्यावीशी वाटली नाही, त्यांनी जागच्या जागी नाबाद दिलं. नंतर चित्रफितीत तो क्रीजबाहेर असल्याचं दिसलं, पण तोवर वेळ गेली होती. ऱ्होड्‌सने ९१ धावा केल्या. मालिका एक, नियम एक, कॅमेरेही तेच; तरी एकाला यंत्राने बाद केलं आणि दुसऱ्याच्या वाट्याला यंत्र आलंच नाही. खेळातल्या तंत्रज्ञानाने न्याय वाढला का, या प्रश्नाचं उत्तर या दोन प्रसंगांमधल्या फटीत आहे असं माझं म्हणणं आहे. यंत्र किती अचूक आहे हे महत्त्वाचं खरंच, पण त्याआधी विचारायला हवं की यंत्राकडे दाद मागायचा हक्क कोणाला आहे, कशाबद्दल आहे आणि कोणत्या सामन्यात आहे.

क्रिकेटने हा धडा सावकाश घेतला. जुलै २००८ मध्ये कोलंबोच्या सिंहलीज स्पोर्ट्‌स क्लबवर भारत-श्रीलंका कसोटीत पंचांच्या निर्णयावर फेरतपासणी मागायची मुभा प्रथमच खेळाडूंना देऊन पाहण्यात आली आणि तिचा पहिला बळी ठरला वीरेंद्र सेहवाग. डीआरएस या नावाने आज जी पद्धत आपण पाहतो तिचं मूळ तिथलं. या पद्धतीत नवीन काय होतं? कॅमेरे आधीपासून होतेच. नवीन होती ती सत्तेची वाटणी. चित्रफीत बघायची की नाही हे आता फक्त पंच ठरवणार नव्हता. ज्याच्यावर निर्णय कोसळला त्यालाही ‘पुन्हा बघा’ म्हणता येणार होतं. शिवाय त्या मागणीला किंमत लावली गेली: दाद चुकीची निघाली तर रिव्ह्यू जातो. कुस्तीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही हेच तत्त्व आहे. प्रशिक्षक आखाड्यात स्पंजचा मऊ ठोकळा फेकून फेरतपासणी मागतो आणि मागणी फेटाळली गेली तर गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतो. अशी किंमत नसती तर प्रत्येक चेंडूला आणि प्रत्येक डावाला अपील झालं असतं. भारतीय क्रिकेट मंडळाने मात्र डीआरएसला बरीच वर्षं विरोध केला. चेंडूचा पुढचा मार्ग यंत्राने अंदाजाने काढायचा आणि त्यावर खेळाडूचा डाव संपवायचा, हे त्यांना पटत नव्हतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्ध राजकोटला सुरू झालेल्या मालिकेपासून भारताने ती स्वीकारली. विरोध टोकाचा होता, पण त्यातली शंका अगदीच अनाठायी नव्हती.

कारण चेंडूचा माग काढणारं यंत्र सगळंच पाहत नाही. मैदानाभोवती बसवलेले वेगवान कॅमेरे चेंडू टिपतात, वेगवेगळ्या कोनांतल्या चित्रांवरून संगणक त्याची जागा काढतो आणि त्या जागा जोडून मार्ग आखतो. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर जातो. म्हणजे सेकंदाला ३०० चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यातसुद्धा दोन चौकटींच्या मध्ये तो १३ सेंटीमीटर सरकलेला असतो. चेंडू पॅडवर आदळेपर्यंतचा मार्ग मोजलेला असतो. आदळल्यानंतर तो यष्टीपर्यंत कसा गेला असता, हे मात्र गणित असतं. पॅड यष्टीपासून जितकं दूर, तितकं हे गणित लांब पल्ल्याचं. २०११ च्या विश्वचषकात बंगळुरूला युवराज सिंगच्या चेंडूवर इंग्लंडचा इयान बेल असाच पुढे सरसावलेला होता. मोठ्या पडद्यावर चेंडू यष्टीवर जाताना सगळ्या मैदानाने पाहिला, पण बेल वाचला आणि पुढे ६९ पर्यंत गेला, कारण आघात यष्टीपासून अडीच मीटरहून दूर असेल तर निर्णय पंचांच्या विवेकावर सोडायचा असा तेव्हाचा नियम होता. सामना ३३८-३३८ असा बरोबरीत सुटला. आजच्या ‘अम्पायर्स कॉल’मागे हाच विचार आहे. मैदानावरचा नाबाद निर्णय उलटायचा तर अंदाजी मार्गात किमान अर्धा चेंडू यष्टीच्या क्षेत्रात लागताना दिसला पाहिजे. त्याहून कमी असेल तर पंचाचा शब्द कायम. यावर आक्षेप असा की एकाच चेंडूवर पंचाने बाद दिलं असेल तर बाद आणि नाबाद दिलं असेल तर नाबाद, हा कसला न्याय? चेंडू यष्टीला लागतो किंवा लागत नाही, मधलं काही नसतं, असं विराट कोहलीनेही २०२१ मध्ये बोलून दाखवलं होतं. वरवर हे बिनतोड वाटतं. पण चेंडू यष्टीला लागलेलाच नाही, तो पॅडवर अडलेला आहे. लागला असता का एवढंच आपण विचारतो आहोत, आणि त्या उत्तराला चुकीची काही सीमा आहे. ती सीमा लपवून पडद्यावर ठाम लाल रंग दाखवणं हा प्रेक्षकाला दिलेला खोटा दिलासा ठरेल. शंकेची जागा मान्य करून ‘शंका असेल तर निर्णय कोणाचा’ हे आधीच लिहून ठेवणं, हे न्यायाच्या जास्त जवळ आहे.

यंत्र अचूक असूनही निर्णय चुकू शकतो, याचं नमुनेदार उदाहरण डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेच्या नावावर आहे. १३ फेब्रुवारी २०२१, चेन्नई, इंग्लंडविरुद्धची दुसरी कसोटी. रहाणे ६६ वर होता. जॅक लीचचा चेंडू पॅडला लागून उडाला आणि शॉर्ट लेगला झेलला गेला. पंचांनी नाबाद दिलं, इंग्लंडने रिव्ह्यू घेतला. तिसऱ्या पंचांनी बॅटची कड तपासली, पायचीतचा मार्ग तपासला आणि नाबाद कायम केलं. पण इंग्लंडचं म्हणणं वेगळं होतं: पॅडवरून उडालेला चेंडू पुढे ग्लोव्हला घासला, तो भाग बघा. तो भाग बघितलाच गेला नाही. पुढच्या चित्रफितीत ग्लोव्हला झालेला स्पर्श दिसला. इंग्लंडचा गेलेला रिव्ह्यू नंतर परत देण्यात आला. रहाणेही लगेच ६७ वर बाद झाल्याने प्रकरण पेटलं नाही. इथे कॅमेरा होता, चित्र होतं, पुरावा होता, दाद मागायचा हक्कही वापरला गेला होता. पण दाद मागणाऱ्याचा प्रश्न एक आणि यंत्राला विचारला गेलेला प्रश्न दुसरा, अशी गत झाली. टेनिसमध्ये तर वेगळाच पेच उभा राहिला: २०२५ मध्ये विम्बल्डनने रेषेवरचे पंच काढून सगळा कारभार यंत्राकडे दिला, त्याच वर्षी सेंटर कोर्टवर एका सामन्यात यंत्रणेचा काही भाग चुकून बंद राहिला. अनास्तासिया पाव्ल्युचेन्कोव्हा गेम जिंकण्याच्या उंबरठ्यावर असताना प्रतिस्पर्ध्याचा चेंडू बाहेर पडला, पण कोणी आवाज दिला नाही, कारण आवाज द्यायला माणूसच उरला नव्हता. गुण पुन्हा खेळवला गेला आणि तो गेम तिच्या हातून गेला. जिथे यंत्राचा निकाल अंतिम असतो, तिथे यंत्र बंद पडलं तर काय, याचंही उत्तर नियमपुस्तकात लागतं.

आता हा हक्क कोणत्या सामन्यात मिळतो ते पाहू. बॅडमिंटनच्या मोठ्या स्पर्धांमध्ये फेरतपासणीची सोय वर्षानुवर्षं फक्त टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या कोर्टापुरती होती. नामांकित खेळाडू त्या कोर्टावर खेळणार, पात्रता फेरीतून वर आलेली मुलगी बाजूच्या कोर्टावर रेषापंचाच्या नजरेवर विसंबणार. आपल्याकडे २०२२ मध्ये बंगळुरूला मुंबई आणि मध्य प्रदेश यांच्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला, तोही डीआरएसविना. ज्या स्पर्धेतून भारतीय संघाचे खेळाडू निवडायचे तिच्या अंतिम सामन्यात नसलेली सोय आयपीएलमध्ये पुढच्याच वर्षी वाइड आणि नो-बॉलसाठीसुद्धा मिळू लागली. याचं समर्थन खर्चाच्या अंगाने केलं जातं आणि खर्च खरोखरच मोठा असतो. दुसरं समर्थन असं की पंचांच्या चुका दोन्ही बाजूंना सारख्याच वाटल्या जातात. आज तुमच्या विरुद्ध गेली, उद्या तुमच्या बाजूने जाईल. शंभर कसोटी खेळणाऱ्याच्या बाबतीत हे गणित बहुधा जुळतही असेल. पण कल्याणहून किंवा डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून, किट-बॅग दरवाज्यापाशी सांभाळत मुंबईच्या मैदानावर निवड चाचणीला पोचलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला तो एकच डाव मिळतो. त्याच्या बॅटला न लागलेल्या चेंडूवर झेलबाद दिलं गेलं तर सरासरी भरून निघायला दुसरा डाव नसतो. चुकीची सर्वांत मोठी किंमत खालच्या पायरीवर मोजावी लागते आणि ती दुरुस्त करायची सोय मात्र सगळ्यात वरच्या पायरीवर मांडलेली असते. तंत्रज्ञानाने खेळात आणलेला सर्वांत मोठा अन्याय मला हाच वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

तरीही यावर ‘सगळीकडे कॅमेरे बसवा’ एवढंच उत्तर पुरत नाही, हे दाखवणारा सामना खुद्द कल्याणात झालेला आहे. जानेवारी २०१६ च्या पहिल्या आठवड्यात वायले नगरच्या युनियन क्रिकेट अकादमीच्या मैदानावर, एच. टी. भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात, के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. संघाने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ पासूनचा ६२८ धावांचा विक्रम मागे पडला. शालेय सामना होता. तिसरा पंच नाही, यष्टीत मायक्रोफोन नाही. धावा गुणलेखकांनी टिपल्या आणि जगाने त्या मानल्या. मोजणीबद्दल कोणी शंका घेतली नाही. प्रश्न निघाले ते वेगळेच. मैदान एका बाजूने फार आखूड असल्याचं आणि समोरच्या संघात वयाने बरीच लहान मुलं खेळत असल्याचं तेव्हाच वृत्तपत्रांनी छापलं. त्या संघाचे डाव ३१ आणि ५२ वर आटोपले. प्रणवच्या पराक्रमाला यामुळे उणेपणा येत नाही, एवढा वेळ एकाग्र राहून बाद न होणं थट्टा नव्हे. पण समजा त्या मैदानावर जगातली सगळी यंत्रं आणून लावली असती, तरी त्यांनी काय सांगितलं असतं? प्रत्येक चौकार चौकारच होता, प्रत्येक षटकार दोरीपलीकडेच पडला होता, असंच. दोरी कुठे असावी आणि कोणाची गाठ कोणाशी घालावी, हे यंत्राला कोणी विचारतच नाही. न्यायाचा तो भाग सामना सुरू होण्याआधी, कागदावर ठरतो.

साधनांच्या बाबतीतही तसंच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले ते तांबड्या मातीवर घडलेले मल्ल होते. मॅटवरच्या कुस्तीशी त्यांची खरी ओळख तिथेच झाली. तिथे ते सहावे आले आणि मॅटची सवय करून १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. पंचांनी लंडनमध्ये त्यांच्यावर अन्याय केला नव्हता, तरी स्पर्धा समान नव्हती. मॅट हेसुद्धा तंत्रज्ञानच आहे आणि ते ज्याच्या गावात आधी पोचतं तो पुढे राहतो. जलतरणात २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेनच्या पोशाखांमुळे ४३ विश्वविक्रम झाले, तेव्हा जागतिक संघटनेने २०१० पासून ते पोशाख बंद केले. धावण्याच्या बुटांच्या तळव्यालाही आता जाडीची मर्यादा आहे. अशा मर्यादा हव्यातच. बीडच्या मांडवा गावचा अविनाश साबळे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत धावला आणि त्याचं सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकलं. जिथे निकाल एवढ्याशा फरकाने लागतात तिथे बुटाचा तळवा कोणाला परवडतो, हा प्रश्न किरकोळ राहत नाही.

दाद नीट ऐकली गेली नाही असं वाटलं तर काय होतं, हे महाराष्ट्राने कुस्तीत पाहिलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत माती विभागात महेंद्र गायकवाडला सिकंदर शेखविरुद्ध बाहेरच्या टांगेवर चार गुण दिले गेले. प्रेक्षकांच्या मोबाइलमधल्या चित्रफिती राज्यभर फिरल्या आणि गावागावातल्या तालमींत त्या पकडीचा एकेक क्षण थांबवून वाद झाले. पुढे पंचांना फोनवर धमकी देण्यापर्यंत मजल गेली. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध शिवराज राक्षेला चितपट घोषित केलं गेलं. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रफीत बघा, असं राक्षेचं म्हणणं होतं. ते मान्य झालं नाही आणि त्याने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात टाकणं अक्षम्यच आहे, बंदी योग्यच होती. पण त्यामुळे मूळ प्रश्न निकालात निघत नाही. खांदे टेकले की नाही, हे डोळ्यांना दिसणारं सत्य आहे. ते तपासायचं चित्र उपलब्ध असताना तपासणी का होऊ नये? काही जाणकार म्हणतात की चित्रफितीपुढे पंचाला उभं केलं की त्याचा दरारा जातो. मला उलट दिसतं. आज प्रेक्षकांत बसलेल्या हजारो माणसांच्या हातात कॅमेरा आहे. पंच चित्र बघो न बघो, गाव ते बघणारच आहे. मग सगळ्यांनी पाहिलेलं ज्या एकट्याला पाहायची मुभा नाही तो पंच, असा विचित्र प्रकार होतो. दरारा जातो तो यामुळे. दोन मिनिटं थांबून, तेच चित्र बघून, ‘मी पाहिलं, खांदे टेकले होते’ असं म्हणणाऱ्या पंचाचा शब्द जास्त टिकतो.

पण हाच मोबाइल आखाड्याबाहेर, टेनिस बॉलच्या मैदानावर आला की सावध व्हावं लागतं. ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात टेनिस बॉलच्या स्पर्धांचं वेड जुनं आहे. मार्च २०२४ मध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला हंगाम ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर भरला तो उगाच नव्हे. आता प्रभागातल्या स्पर्धेचंही यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होतं, धावफलक ॲपवर चालतो, आणि अटीतटीचा धावचीत आला की ‘लाइव्हमध्ये बघा’ असा गलका होतो. इथे थोडं गणित मांडायला हवं. साध्या सेटिंगवर मोबाइल सेकंदाला ३० चौकटी टिपतो. जीव तोडून धावणारा फलंदाज सेकंदाला सात मीटर जातो असं धरलं तर दोन चौकटींच्या मध्ये तो २३ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. एका चौकटीत बेल्स जागेवर आणि बॅट रेषेच्या अलीकडे. पुढच्या चौकटीत बेल्स हवेत आणि बॅट रेषेच्या आत. मधल्या क्षणी काय झालं ते चित्रात नाहीच. त्यातून कॅमेरा क्रीजच्या रेषेत नसतो, मंडपाच्या बाजूला तिरका आणि उंचावर असतो. तिरक्या कोनातून जमिनीपासून वीतभर वर असलेली बॅट रेषेपलीकडे टेकल्यासारखी दिसते. शिवाय असा कॅमेरा बहुधा एकच असतो, त्यामुळे एका टोकाचे धावचीत जवळून दिसतात आणि दुसऱ्या टोकाचे ठिपक्याएवढे. गोलंदाजीच्या टोकाला धावणाऱ्याला एक न्याय, यष्टिरक्षकाच्या टोकाला धावणाऱ्याला दुसरा. जोहान्सबर्गला जे पंचाच्या इच्छेमुळे झालं तेच इथे तिपाईच्या जागेमुळे होतं.

यावर उपाय महागडा नाही, पण तो सामन्याच्या आदल्या दिवशी करायचा असतो. दोन्ही टोकांना, क्रीजच्या रेषेत, कमरेच्या उंचीवर एकेक मोबाइल घट्ट बसवायचा आणि सेकंदाला निदान ६० चौकटी टिपल्या जातील असं बघायचं. त्याने चूक २३ वरून १२ सेंटीमीटरवर येते, शून्यावर येत नाही, म्हणून चित्रात स्पष्ट दिसलं नाही तर मैदानावरच्या पंचाचा निर्णय कायम, हे नियमपत्रकात छापायचं. प्रत्येक संघाला डावात एकदाच दाद मागता येईल, ती कर्णधारच मागेल आणि चित्र दोन्ही संघांशी संबंध नसलेला माणूस बघेल, हेही छापायचं. पहिल्या फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत सोय एकच ठेवायची. गल्लीतल्या खेळाला एवढा कायदा कशाला, असं आयोजक म्हणतील. पण ज्या स्पर्धेत मालिकावीराला मोटारसायकल मिळते आणि एका रात्रीच्या खेळीवर मुलाला पुढच्या मोसमात दुसऱ्या संघाचं बोलावणं येतं, तिथे तो निव्वळ गल्लीतला खेळ राहिलेला नाही. आणि दोन मोबाइल जमत नसतील तर एकही लावू नये. पंचाची नजर दोन्ही टोकांना सारखीच चुकते. एका टोकाचा कॅमेरा तसा चुकत नाही.